स्वच्छ आवाजाच्या बायका

३ जानेवारी, सांगली

बायकांचा आवाज खराब येतो म्हणे!

ऋषिराजचा कराडहून फोन. धाकट्या भावाचा मुलगा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून हृदयाचे ठोके ऐकणारं स्वस्त यंत्र बनवतोय. स्टेथोस्कोपची वाटी, तिच्यात लग्नाच्या व्हिडिओवाल्यांचा असतो तसला कॉलर माइक, तिथून वायर मोबाइलला. मोबाइल ठोके ऐकतो आणि दिवा दाखवतो — हिरवा, पिवळा, लाल. लाल आला की समजायचं, हृदयाच्या झडपेत बिघाड असू शकतो, शहरात जाऊन इको काढून घ्या. दुखणं अंगावर यायच्या आधी कळावं आणि वडापावाच्या खर्चात कळावं, एवढीच कल्पना. चांगली आहे. आमच्या घराण्यात इतकी चांगली कल्पना याआधी कुणाला सुचल्याचं ऐकिवात नाही.

आज म्हणतो, 'आत्या, पहिल्या टप्प्यात फक्त पुरुष घेतोय. लेडीज डेटामध्ये नॉइज फार आहे.'

म्हटलं, कसला नॉइज? बडबडीचा?

'नाही गं! बांगड्यांचा. श्वास घेतला तरी किणकिण. मंगळसूत्राचे मणी माइकवर घासतात. मशीनला वाटतं तोच ठोका. सर म्हणाले, तूर्त वगळा.'

तूर्त! जन्मापासून ऐकतेय हा शब्द.

आणि हे यंत्र करायला बसला कुणासाठी? स्वतःच्या आईसाठी. येसूबाई, माझी धाकटी भावजय. गोठ्यापासून घरापर्यंत बादली आणायची तर मध्ये थांबते, भिंतीला हात टेकते, तोंडाने श्वास घेते. कडेगावात एका डॉक्टरने ॲसिडिटी सांगितली. दुसऱ्याने वय सांगितलं — जणू ते आम्हाला माहीत नव्हतं. मी इथे सांगलीत हृदयाच्या दवाखान्यात दोनदा नंबर लावला. एकदा म्हैस व्याली. एकदा उसाला तोड आली. म्हशीला घाई, कारखान्याला घाई, हिच्या काळजाला तेवढी सवड. मग पोराने ठरवलं, आई दवाखान्यात जात नाही तर दवाखानाच आईच्या उशाशी नेऊ. लाल दिवा दिसला तर घाबरून तरी जाईल.

आता तिलाच वगळलं. तूर्त.

५ जानेवारी, कराड

गेलेच. उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत एस.टी. पोचली तेव्हा कमरेचे काटे ढिले झाले होते, जिभेचे नव्हते.

ऋषिराजचे सर फार सभ्य. चहा मागवला. म्हणाले, 'मॅडम, गैरसमज नको. बायकाही घेतल्यात आम्ही. थोड्या आहेत, पण काय क्वालिटी! एकदम स्वच्छ आवाज.'

विचारलं, कोण या स्वच्छ आवाजाच्या बायका?

सर छताकडे बघू लागले. उत्तर रेश्माने दिलं. ऋषीच्या जोडीने काम करते, बारीक चणीची, डोळे तल्लख. 'मॅडम, दोन आमच्या हॉस्टेलच्या मुली. बाकी सगळ्या... वृद्धाश्रमातल्या आज्या.'

'आज्या म्हणजे?'

'म्हणजे... मिस्टर नाहीत त्यांना.'

असं आहे तर! मनगट मोकळं, गळा मोकळा, आवाज स्वच्छ. नवरा मेल्याशिवाय बाईचं काळीज ऐकू येत नाही, हा शोध आजवर कुणाला लागला नव्हता. तो आमच्या कृष्णाकाठी लागला. सरांना म्हटलं, मग सुवासिनींसाठी तुमची काय योजना आहे? वाट बघायची?

सरांनी चष्मा पुसला. स्वच्छच होता. पुन्हा पुसला.

पाचगणीला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेट म्हणायच्या, जीभ ही देवाची देणगी आहे, ती परत मागून घेईल. अजून तरी मागितलेली नाही.

६ जानेवारी, सांगली

राग उतरला नाही. पोहे करपले. तेच खाल्ले.

९ जानेवारी

उभा जन्म रेडिओवर काढला आणि डोकं आज चाललं! धन्य.

माझ्या वेळी खेड्यातल्या बायका ओव्या म्हणायला, पाककृती सांगायला यायच्या. मनगट भरून काचेच्या बांगड्या. माइकपुढे हात हलला की भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखा आवाज. 'बांगड्या काढा' म्हटलं की बाई उठून दाराकडे. नवरा जिवंत असताना? रेडिओ गेला खड्ड्यात! मग आम्ही युक्ती काढली. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या, वरून सुती रुमाल करकचून बांधायचा. मंगळसूत्र पाठीवर टाकायचं. काही काढायचं नाही, काही वाढवायचं नाही. माझ्या टेबलाच्या खणात कायम रुमालांची चळत असायची. लोकांना वाटायचं, बाईंना सर्दी आहे.

ऋषीला फोन करून सांगितलं. त्याने दुपारीच कँटीनच्या काकूंवर प्रयोग केला. किणकिण गेली! रुमालाखाली हलकीशी कुरकुर उरते, पण ठोका वेगळा ओळखू येतो म्हणे.

'आत्या, तू जीनियस आहेस!'

रुमालाला आता 'नॉइज आयसोलेशन बँड' म्हणायचं ठरलंय. सरांनी नाव दिलं. देऊ देत. धुता आला म्हणजे झालं.

१२ जानेवारी, कडेगाव

यंत्र, ऋषिराज आणि मी — तिघांचं माहेरी आगमन.

पहिली तपासणी अर्थातच लालासाहेबांची. माझा धाकटा भाऊ, ऋषीचा बाप, निवृत्त सुभेदार, या घराचा स्वयंघोषित सेनापती. बनियन वर करून खाटेवर पडला. हिरवा. 'बघा आक्का! इंजिन मिलिटरीचं हाय. आमाला काय हुतंय?' मग हिरव्या दिव्याचा फोटो पलटणीच्या ग्रुपवर. त्या ग्रुपवर आणखी वीस इंजिनं असतील, सगळी स्वतःवर खूश.

येसू दारातूनच नाही म्हणाली.

'वन्सं, बांगड्यास्नी फडकं बांदायचं? त्ये बी संक्रांतीच्या तोंडावर? कालच नव्या भरल्यात.'

'अगं, काढायच्या नाहीत. बांधायच्या. थोडा वेळ.'

'बांदल्या काय न् काढल्या काय. मालक हायत माजे.'

मालक बाहेर खाटेवर ग्रुपला अंगठे पाठवत होते. या माणसाच्या आयुष्याची दोरी हिच्या काचेच्या बांगड्यांना बांधलेली आहे आणि त्याला वाटतं, मिलिटरीचं इंजिन!

थोरली भावजय अंबूबाई चहा घेऊन आली. माझ्या पाठच्या भावाची, दादासोची बायको. दादासो गेला तेव्हा तिची चाळिशीही आली नव्हती. तेव्हापासून या घरातली निम्मी कामं तिच्याकडे आणि सगळे विनोदही तिच्याकडे. येसूला म्हणाली, 'बांद की गं भवाने! काळीज बंद पडलं तर बांगड्या काय सरणावर वाजवायच्यात?'

लालासाहेब बाहेरून ओरडला, 'वैनी, तुमचं बी बगून घ्या की!'

'माजं व्हय? माजं काळीज तुमचा भाऊ संगं घिऊन गेलाय. यंत्राला काय घावायचं, मोकळा डबा!'

सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त.

येसू मात्र बधली नाही. मग मी डोकं चालवलं. शिबिर म्हटलं की या गावातल्या बायका येत नाहीत. शिबिर सरकारी असतं आणि सरकारी म्हटलं की ऑपरेशन करतात, ही ठाम समजूत. पण हळदीकुंकू म्हटलं तर शंभर कामं टाकून येतील. तर पुढच्या रविवारी येसूने घरी हळदीकुंकू करायचं. पाठीमागच्या खोलीत तपासणी. आणि वाण? प्लॅस्टिकचे डबे नाहीत. रुमाल! प्रत्येकीला जोडी. दहा जणींनी बांधल्यावर येसू कशी नाही म्हणते तेच बघते.

जनरल कुणी व्हायला हवं होतं ते वडिलांना कळलं होतं, म्हणूनच मला कॉन्व्हेंटला घातलं.

१४ जानेवारी, सांगली

तिळगूळ घ्या, गोड बोला. प्रयत्न केला. दूधवाला येईपर्यंत टिकला.

१९ जानेवारी, कडेगाव

क्रमाने लिहिते.

बायका आल्या. ठेवणीतल्या साड्या, हिरवेगार हात. येसू दारात उभी, हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ. मी ना हळदीची ना कुंकवाची — कुमारिका, वय वर्षं सहासष्ट — म्हणून रुमाल वाटपावर. अंबू स्वयंपाकघरात. तिला ओटीजवळ यायचं नसतंच. चहाचं आधण आणि लाडवांचं ताट तिच्या हवाली.

स्वयंपाकघराला लागून जी मागची खोली, तिथे साडीचा पडदा. आत खाट आणि रेश्मा, या घरात पहिल्यांदाच आलेली. मी आधी आतच होते. दुसऱ्याच बाईला रेश्मा म्हणाली, 'मॅडम, तुम्ही बाहेर बसता का? तुमचा आवाज माइकमध्ये येतोय.' ज्या आवाजासाठी लोक रेडिओ लावून बसायचे, त्या आवाजावरून मला हाकललं! अंगणात कट्ट्यावर येऊन बसले. ऋषिराज पुढच्या अंगणात बाप्यांना यंत्र समजावत होता. हातवारे लालासाहेबाचे.

रांगेत एकेकीच्या जिभा! 'बाई, माज्या काळजात कोण हाय त्ये मालकास्नी सांगू नगा बरं का!' — 'सासूचं नाव काडा, लाल हुतंय का बगू!' — 'माजा हिरवा आला तर कापून द्या, दारावर चिकटवीन.' हसून हसून रुमाल ओले. एकीला पिवळा आला. तिला नीट समजावलं, पुन्हा तपासायचं. बाकी साऱ्या हिरव्या.

येसू घरधनीण, म्हणून शेवटी. मी कट्ट्यावरून ओरडले, 'येसू, आता पळायचं नाही!' आतून उत्तर आलं, 'जातीया, वन्सं!'

बराच वेळ गेला. मग रेश्मा पडदा सारून आली. चेहरा उतरलेला.

'मॅडम, येसूबाईंचा लाल आलाय. तीनदा घेतलं. तीनदा लाल.'

हेडफोन माझ्या कानाला लावले. मला डॉक्टरकी कळत नाही. आवाज कळतो. आधीच्या बायकांचा कसा — लब-डब, लब-डब, दार लागल्यासारखा. याच्यात दार लागतच नव्हतं. लब — मग फुस्स्, भात्यातून वारा निसटल्यासारखं — मग डब. प्रत्येक वेळी. आणि इतकं स्वच्छ! किणकिण नाही, कुरकुर नाही. रुमालाचा असा विजय की छाती अभिमानाने भरावी. भरली नाही.

स्वयंपाकघरात जाऊन येसूला सांगितलं. ती मटकन खाली बसली. तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होती. अंबूने मागून तिच्या खांद्यावर हात दाबला. 'रडू नगंस. वन्सं हायत नव्हं? सांगलीला जायाचं म्हंजी जायाचं. म्हशीचं मी बघती, उसाचं मी बघती.' आणि दारातून लालासाहेबाला, 'भावजी, गाडी सांगा. आता जर का तोड आली, म्हैस व्याली म्हणलात तर बगा!'

लालासाहेब चपला शोधायला लागला. इंजिन मिलिटरीचं, पण आवाज बंद.

अंबू नसती तर येसू आजही हलली नसती. हे मान्य केलं पाहिजे.

२२ जानेवारी, सांगली

टू-डी इको झाला. पोरसवदा डॉक्टर, पण हसतमुख. पडद्यावर बघत म्हणाले, 'मावशी, झडपा एकदम ठणठणीत! कुणी पाठवलं तुम्हाला?'

कुणी पाठवलं ते मी सांगितलं नाही.

मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा! डॉक्टरांचं हसू तिथे थांबलं. 'दम यामुळे लागतोय. ही अंगात रक्त नसताना चालते-फिरते कशी?' चालते कशी म्हणजे? नवरा, पोर, गडी, म्हैस सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर जे उरतं त्यावर चालते. औषधं लिहून दिली, पुन्हा बोलावलंय, रक्त कुठे जातंय ते शोधणार आहेत.

म्हणजे जीव वाचला. आनंद व्हायला हवा. येसू गाडीत बसून मुसमुसत होती. म्हटलं, बरं झालं ना गं आता? म्हणाली, 'व्हय.' मग 'वन्सं...' म्हणाली. मग 'काय न्हाई.'

ऋषिराजकडे मी बघितलं नाही. तोही खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काहीही बघण्यासारखं नव्हतं.

२३ जानेवारी

लालासाहेबाचा फोन. 'काय आक्का, तुमचा रुमाल काय म्हणतोय?'

ठेवला.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. प्रजासत्ताक झिंदाबाद. आता पुढचं.

ऋषिराज आला होता. दाढी वाढलेली. 'आत्या, संपलं. निरोग्याला आजारी म्हणणारं मशीन कोण घेणार? आणि निरोगी कोण, तर माझीच आई! सर म्हणाले, बायका बंद. पुरुषांचाच डेटा घेऊन पेपर पाठवू.'

म्हणजे चूक झाली एका लाल दिव्याची, शिक्षा निम्म्या जगाला. सर तयारच बसले होते.

म्हटलं, तुझ्या यंत्रामुळेच तिचं रक्त कळलं ना? तर म्हणतो, 'ते चुकून कळलं, आत्या. चुकून बरोबर आलेल्याला सायन्स म्हणत नाहीत.' शहाणा झालाय. मला तो मूर्खच आवडायचा.

रेश्माचं म्हणणं, माइक हलला असेल. तिला फोनवर सांगितलं, बाळ, माइक हलला की खरखर होते. कापड घासलं की फरफर होते. हे दोन्ही नव्हतं. ती म्हणाली, 'मॅडम, मग इको चुकला?'  म्हटलं, ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकू दे, मग सांगते.

२९ जानेवारी

ऋषीकडून ते रेकॉर्डिंग मागून घेतलं. तो पुसून टाकायला निघाला होता. पुसलंस तर तुझं नाव टाकीन म्हटलं.

सकाळपासून ऐकतेय. लब — फुस्स् — डब. हा आवाज आजारी आहे. डॉक्टर म्हणतात झडपा ठणठणीत. म्हणजे एकतर दवाखान्याचं भलंमोठं मशीन खोटं, नाहीतर माझे कान गेले. कान गेले असं धरून चालू या. लोकांना बरं वाटेल.

एक गोष्ट मात्र खटकते. त्या दिवशीच्या इतर बायकांचीही रेकॉर्डिंगं लावून पाहिली. प्रत्येकीच्या रुमालाखाली काचेची थोडी कुरकुर आहेच. येसूच्यात तेवढीही नाही. नव्या भरलेल्या बांगड्या, मनगटभर, आणि एक कण आवाज नाही?

घट्ट बांधला असेल रुमाल. दुसरं काय असणार!

१ फेब्रुवारी

येसूचा फोन. कुजबुजत.

'वन्सं, आता गप बसवंना. त्या दिशी पडद्याआड मी न्हवतेच. मला काय रुमाल बांदवंना. तर जाऊबाई म्हणाल्या, वन्सं येवड्या धडपडत्यात, त्यांचं मन कशाला मोडायचं, मी निजती तुज्या नावानं. दोनी मनगटास्नी रुमाल गुंडाळून त्याच गेल्या. त्या पोरीला कोण येसू, कोण अंबू, काय ठावं न्हवतं. लाल आला तवा मला शपथ घातली — बोलू नगंस, या निमतानं तुजं तरी दवाखान्यात बघत्याल.'

अंबू कुठे आहे आत्ता?

'वैरणीला गेल्यात. भारा घिऊन येतीलच.'

म्हटलं, फोन ठेव आणि पळ. भारा तिच्या डोक्यावरून उतरव. मी येतेय.

गाडी सांगितली आहे. येईपर्यंत बसवेना म्हणून हे लिहिलं. हॉर्न वाजला.